विश्लेषण : काजव्यांच्या फोटोत दिसणारे जंगल प्रत्यक्षात का दिसत नाही?

रोहिणी नक्षत्र लागले, वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की सह्याद्रीत काजवे दिसू लागतात आणि त्याच सुमारास मोबाइलवर त्यांचे फोटोही फिरू लागतात. अकोले तालुक्यातील भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, लोणावळ्याजवळची राजमाची किंवा भीमाशंकरचा परिसर. ठिकाण कोणतेही असो, फोटो साधारण सारखाच असतो. निळसर काळे आकाश, मधोमध एखादे डेरेदार झाड आणि खोडापासून शेंड्यापर्यंत, खाली गवतातही, सोनेरी ठिपक्यांचा सडा. तो पाहून शनिवारी दुपारी गाडी काढणाऱ्या पर्यटकाच्या तोंडून तिथे पोहोचल्यावर पहिला उद्गार निघतो तो ‘एवढेच?’ असा. हा अपेक्षाभंग वरवर किरकोळ वाटतो. मात्र त्यातून जे पुढे घडते त्याची किंमत काजव्यांना मोजावी लागते, आणि त्याला हौशी छायाचित्रकार बराचसा जबाबदार आहे.

फोटोत हजारो, डोळ्यांना मोजकेच, असे का?

माणसाचा डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या एखाद्या दशांशात जे पोहोचले त्याचे चित्र मेंदू तयार करतो आणि लगेच पुढच्या चित्राकडे वळतो. काजवा एका जागी क्षणभर चमकतो, विझतो, थोडा उडून पुन्हा चमकतो. आपल्याला प्रत्येक वेळी एकच ठिपका दिसतो आणि आधीचा मिटलेला असतो. कॅमेऱ्याचे तसे नाही. शटर २० सेकंद उघडे ठेवले तर त्या २० सेकंदांत त्या चौकटीत जेवढे ठिपके चमकले ते सगळे एकाच चित्रात उमटतात.

इथपर्यंतची गोष्ट जुनीच आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यातही हे होत असे. हल्लीच्या फोटोंमध्ये याच्या पुढची पायरी असते. कॅमेरा तिकाटण्यावर म्हणजे ट्रायपॉडवर घट्ट बसवून २०-२० सेकंदांचे तीस, चाळीस, कधी शंभर फोटो ओळीने घेतले जातात. घरी आल्यावर संगणकात ते एकावर एक रचले जातात. याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. फोटोशॉपमध्ये किंवा स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘लायटन’ ही पद्धत निवडली की चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी सगळ्या फोटोंतील सर्वांत उजळ बिंदू तेवढा ठेवला जातो. अंधार गळून जातो, उजेड साचत जातो.

हिशेब करून पाहावा. २० सेकंदांचे ४० फोटो म्हणजे ८०० सेकंद, साधारण १३ मिनिटे. चौकटीत फिरणारा एकच काजवा सेकंदाला एकदा चमकत असेल, तर तो एकटा अंतिम फोटोत ८०० ठिपके उमटवतो. वीस काजवे असतील तर १६ हजार. म्हणजे ज्या फोटोखाली ‘लाखो काजवे’ असे लिहिलेले असते, त्या झाडावर प्रत्यक्षात काही डझनच असू शकतात. शिवाय फोटोतील ते निळे आकाश आणि झाडाची रेखीव आकृती अनेकदा संधिप्रकाशात, काजवे चमकायला लागण्यापूर्वी, घेतलेल्या वेगळ्या फोटोतून आलेली असते. काजव्याचा उजेड डोळ्यांना हिरवट पिवळा दिसतो. फोटोत तो सोनेरी होतो, कारण रंगछटा नंतर तशी जुळवलेली असते.

मग हे फोटो खोटे म्हणायचे का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ताऱ्यांच्या भ्रमणरेषांचे फोटो असेच काढतात आणि आकाशात वर्तुळे दिसत नाहीत म्हणून त्यांना कोणी खोटे ठरवत नाही. स्टॅकिंग केलेला फोटो खरा आहे, फक्त तो एका क्षणाचा नाही, वेळेच्या एका तुकड्याचा आहे. जंगलात पाऊण तास अंधारात बसलेल्या माणसाच्या मनात जे चित्र साठते त्याच्याशी तो कदाचित जास्तच प्रामाणिक असेल.

प्रश्न आहे तो हे सांगण्याचा. तमिळनाडूतील अनामलाई परिसरात श्रीराम मुरली यांनी काढलेल्या काजव्यांच्या फोटोची लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या २०२३ च्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत प्रशंसा झाली. त्या फोटोसोबतच्या माहितीत १९ सेकंदांचे ५० फोटो एकत्र केल्याचे आणि त्यात १६ मिनिटांचा कालावधी सामावल्याचे स्पष्ट नोंदवले होते. फोटोचे मोल त्यामुळे तसूभरही कमी झाले नाही. उलट पाहणाऱ्याला कळले की हे चित्र १६ मिनिटांचे आहे. आपल्याकडे मोबाइलवरून फिरणाऱ्या फोटोंखाली गावाचे नाव असते, नकाशावरचा अचूक ठिकाणबिंदू असतो, कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव तर असतेच असते. मिनिटांचा उल्लेख मात्र क्वचित आढळतो. मग तोच फोटो कोणीतरी उचलून तंबूनिवासाच्या जाहिरातीत टाकतो. तो त्याच गावचा आहे का, हेही तेव्हा कोणी विचारत नाही. मिनिटे न सांगता पुढे गेलेला असा फोटो अस्तित्वात नसलेल्या देखाव्याची जाहिरात होऊन बसतो.

काजवा चमकतो तरी कशासाठी?

काजवा हा भुंगेरा आहे, माशी नव्हे. जगभरात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. पोटाच्या शेवटच्या भागातील प्रकाशेंद्रियात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य आणि ल्युसिफेरेज हे विकर असते. त्यांचा ऑक्सिजनशी संयोग झाला की उजेड पडतो आणि उष्णता जवळपास निर्माण होत नाही. हा सगळा खटाटोप जोडीदार शोधण्यासाठी असतो. अनेक जातींत नर उडत उडत ठरावीक लयीत चमकतो आणि गवतात किंवा फांदीवर बसलेली मादी त्याला तशाच लयीत उत्तर देते. लय हीच ओळख. काही जातींचे नर तर झाडभर एका तालात चमकतात. सह्याद्रीत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हा खेळ पाहायला मिळतो. काही जातींत मादीला पंखच नसतात, ती जमिनीवरच असते.

प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. बऱ्याच जातींचे प्रौढ काही खातही नाहीत. आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात पालापाचोळ्याखाली, ओलसर मातीत, गोगलगायी खात गेलेला असतो. वर्षभराची ही तयारी मृगाच्या आगेमागे मिळणाऱ्या मोजक्या रात्रींसाठी असते. एकदा पावसाने जोर धरला की खेळ आटोपतो. म्हणजे शनिवार-रविवारच्या चार-सहा रात्री वाया गेल्या तर त्या हंगामातला मोठा हिस्सा गेला.

उजेड नेमका कुठून येतो?

काजव्याचा संदेश अंधारावर लिहिलेला असतो. आसपास उजेड वाढला की मादीला नराची खूण दिसत नाही आणि नराला मादीचे उत्तर. लग्नाच्या वरातीत डीजेसमोर उभे राहून कानगोष्टी करण्यासारखा हा प्रकार आहे. २०२० मध्ये ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात सारा लुईस आणि सहकाऱ्यांनी जगभरातील काजवेतज्ज्ञांची मते एकत्र करून धोक्यांचा आढावा घेतला. त्यात अधिवासाचा नाश पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याखालोखाल रात्रीचा कृत्रिम प्रकाश व कीटकनाशके. काजवे पाहायला होणाऱ्या गर्दीचाही त्यात स्वतंत्र विचार झाला होता.

हा क्रम लक्षात ठेवायला हवा. काजवे कमी होण्याचा सगळा दोष मोबाइलवर ढकलणे सोपे आहे, पण ते खरे नाही. झाडे तुटली, ओढ्याकाठची ओल गेली, डोंगरउतारावर सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या, तर एकही फोटो न काढता काजवे संपतील. मात्र हौशी छायाचित्रकाराच्या हातात यातील एकच गोष्ट थेट आहे, ती म्हणजे उजेड.

आणि गर्दीच्या रात्री उजेड अनेक वाटांनी येतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, प्रत्येक वळणावर हेडलाइटचा झोत झाडांवरून फिरतो. ‘एवढेच?’ म्हणणारा पर्यटक आणखी काजवे शोधायला बॅटरी घेऊन झाडीत शिरतो. तंबूंवर दिव्यांच्या माळा असतात, जेवणाच्या जागी जनरेटरवरचा हॅलोजन. मग प्रत्येकाचा मोबाइल वर होतो आणि अंधार ओळखून फ्लॅश आपोआप पेटतो.

या फ्लॅशचा उपयोग शून्य आहे, हे वेगळे सांगायला हवे. मोबाइलचा फ्लॅश चार-पाच मीटरच्या पुढे काही उजळत नाही, झाड तर दूरच. समजा काजवा अगदी हाताच्या अंतरावर बसला असेल, तर फ्लॅशमध्ये दिसतो तो एक तपकिरी भुंगेरा. त्याचा स्वतःचा उजेड फ्लॅशपुढे नाहीसा होतो. जे टिपायचे तेच पुसून टाकणारे साधन माणसे शंभर-शंभर वेळा वापरतात. मोठा कॅमेरा असलेलेही यातून सुटत नाहीत. अंधारात फोकस साधण्यासाठी कॅमेऱ्याच्या पुढे लागणारा छोटा दिवा बंद करायचे अनेकांना सुचत नाही, आणि चांगली चौकट मिळावी म्हणून रस्ता सोडून गवतात तिकाटणे रोवणारे तेच असतात. त्याच गवतात माद्या आणि अळ्या असतात. काचेच्या बरणीत काजवे भरून मुलांच्या हाती देऊन काढलेल्या फोटोंबद्दल तर न बोललेले बरे.

गावांना यातून काय मिळते?

इथे पर्यटन बंद करा असे म्हणणे शहरात बसून फार सोपे असते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातील गावे प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहेत. भात, नागली, वरई ही पावसावरची शेती. मे महिना हा हातात पैसा नसण्याचा आणि पेरणीसाठी पैसा लागण्याचा काळ. एरवी मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरच्या बाजूला जावे लागणाऱ्या घरांना याच दिवसांत तंबू, जेवण, वाटाड्याचे काम आणि वाहनतळ यांतून चार पैसे मिळतात. पिठलं-भाकरीच्या ताटामागे बियाण्याचा हिशेब असतो. काजव्यांच्या फोटोंनीच ही गावे पुण्या-मुंबईच्या नकाशावर आणली, हेही तितकेच खरे. फोटो नसते तर या कीटकांची विचारपूस करायला शहरातून कोणी आले नसते.

त्यामुळे गर्दी किती, यापेक्षा गर्दी कशी, हा प्रश्न मोठा आहे. अकोले तालुक्यातल्याच पुरुषवाडीत बऱ्याच वर्षांपासून गावाच्या सहभागातून पर्यटन चालते; पाहुणे गावकऱ्यांच्या घरी जेवतात, गावातला वाटाड्या त्यांना घेऊन जातो. जिथे पर्यटक वाटाड्यासोबत पायी चालतो तिथे उजेड आपोआप कमी होतो आणि पैसा गावात राहतो. जिथे तो स्वतःची गाडी झाडाखालपर्यंत नेतो तिथे नेमके उलटे होते. उत्पन्नाचा बराचसा भागही मग शहरातून येऊन आठवड्याच्या शेवटी तंबू ठोकणाऱ्या आयोजकाकडे जातो. गावकऱ्याच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या येतात.

कायदा काय सांगतो?

वाघाच्या फोटोवरून निदान आरडाओरड होते. २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी अडवली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. काजव्याची वाट कोणी अडवली हे दिसतही नाही.

पण अभयारण्य हे फक्त मोठ्या प्राण्यांचे नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणकोणत्या कारणांसाठी देता येते त्याची यादी आहे आणि त्यात छायाचित्रणाचा उल्लेख आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली : अधिवासात बदल न करता आणि अधिवासाला वा वन्यजीवांना बाधा न पोहोचवता केलेले छायाचित्रण. कृत्रिम उजेडाने कीटकांचे मीलन बिघडत असेल, तर ती बाधाच आहे. या तरतुदीचा आधार घेऊन काजव्यांच्या हंगामात फ्लॅश आणि झोतदिव्यांवर स्पष्ट बंदी घालायला वनविभागाला काही अडचण दिसत नाही. प्रवेशाच्या वेळा, शुल्क, वाहनांची तपासणी असे उपाय गेल्या काही हंगामांत झाले आहेत. ते चांगलेच आहेत, मात्र त्यांचा भर माणसे आणि गाड्या मोजण्यावर आहे. गाडीचे दिवे कुठे बंद व्हायला हवेत हे त्यात फारसे येत नाही.

बाहेर याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट येथे एका तालात चमकणारे काजवे पाहायला इतकी गर्दी होऊ लागली की तिथे वाहनांच्या प्रवेशासाठी सोडत काढली जाते. नाव लागले तरच त्या रात्री गाडी आत जाते. बॅटरीवर लाल किंवा निळा जिलेटिन कागद लावायचा, ती जमिनीकडे धरायची, चालतानाच वापरायची आणि जागेवर पोहोचल्यावर बंद करायची, अशा सूचना उद्यान देते. भंडारदऱ्यात अशी सोडत उद्याच सुरू होईल असे नाही. पण मुख्य रस्त्यावर वाहनतळ करून तिथून पुढे गावातल्या वाटाड्यासोबत पायी, एवढी व्यवस्था ग्रामपंचायत आणि वनविभागाला मिळून करता येण्यासारखी आहे. वाटाड्याचे शुल्क सक्तीचे केले तर गाड्या कमी झाल्याने गावाचे उत्पन्न घटण्याची भीतीही बरीच कमी होते. काही पर्यटक कुरकुर करतील, करोत.

मोबाइलवर काजवे टिपता येतात का?

येतात, पण जाहिरातीसारखे नाही. फोन हातात धरून काही मिळत नाही. छोटे तिकाटणे किंवा निदान दगडावर पक्का टेकवलेला फोन हवा. ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ पर्यायात शटर १० ते ३० सेकंद, फ्लॅश कायमचा बंद आणि तीन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोन हलणार नाही. फोकस उजेड असतानाच समोरच्या झाडावर लावून कुलूपबंद करावा. अंधार पडल्यावर तो शोधायला बॅटरी लागते आणि सगळा उद्देशच संपतो. पडद्याचा उजेड सर्वांत कमी ठेवावा. ‘नाइट मोड’वर फार विसंबू नये, कारण तो अनेक फोटो जुळवताना काही वेळा चुकार ठिपका बिघाड समजून पुसून टाकतो. अमावास्येच्या आसपासची, शनिवार-रविवार सोडून एखादी रात्र निवडली तर काजवेही अधिक दिसतात आणि माणसेही कमी.

असा एकच ३० सेकंदांचा फोटो काढला तर त्यात विरळ ठिपके येतील, झाड धूसर असेल. ‘लाइक’ कमी पडतील. पण तो पाहून येणाऱ्या पुढच्या पर्यटकाला तिथे पोहोचल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही. आणि ज्याला स्टॅकिंग करायचे आहे त्याने ते जरूर करावे, फक्त खाली ‘१३ मिनिटांचे ४० फोटो एकत्र’ अशी ओळ लिहावी. तीन सेकंदांचे काम आहे.

ठिकाणाबद्दल थोडे वेगळे धोरण हवे. अभ्यासकाला नेमकी जागा आणि तारीख लागते. सह्याद्रीतील काजव्यांच्या जातींच्या नोंदी अजून अपुऱ्या आहेत आणि हौशी लोकांचे फोटो तिथे कामी येतात. मात्र त्यासाठी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट आहे, व्हॉट्सॲपचा समूह नव्हे. आयनॅचरलिस्टवर नोंद करणाऱ्याला नेमके ठिकाण इतरांपासून झाकून ठेवता येते. तिथे फोटो सुंदर असण्याची अटही नसते. काजव्याची जात ओळखायला पोटाखालच्या प्रकाशेंद्रियाचा, दिवसाउजेडी पानावर बसलेला असताना काढलेला साधा फोटो रात्रीच्या सोनेरी फोटोपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. सकाळी त्याच झाडाखाली दहा मिनिटे शोधले तर असा एखादा काजवा पानामागे सापडतोही. त्या वेळी पर्यटकांच्या गाड्या परतीच्या रस्त्याला लागलेल्या असतात.